मुरुडच्या बापलेकांची गोष्ट

दापोलीहून समुद्राच्या दिशेने खाली उतरलं की मुरुड लागतं. जंजिऱ्याजवळचं मुरुड वेगळं. हे रत्नागिरी जिल्ह्यातलं. नारळी-पोफळीच्या बागा, त्यांच्यामधून गेलेला रस्ता, कडेला चिऱ्यांची जोती आणि उतरत्या छपरांची घरं, आणि गावाचं दैवत दुर्गादेवी. या गावातल्या एका घरातून एक बाप आणि एक मुलगा बाहेर पडले. दोघंही गणिताचे प्राध्यापक झाले. दोघांनीही आपापल्या काळात जे विचारायचं नसतं तेच विचारलं, आणि दोघांनाही त्याची शिक्षा झाली. बापाला ती गावाने दिली, मुलाला शहराने. बापाची गोष्ट शाळेतल्या मुलांना पाठ असते. मुलाची गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. खरं तर ती एकच गोष्ट आहे, आणि म्हणून ती सलग सांगायला हवी.

बापाचं नाव धोंडो केशव कर्वे. जन्म 18 एप्रिल 1858 चा, आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीला, वाढले मुरुडला. घरची गरिबी. गावात सोमण नावाचे गुरुजी होते. आपल्यापुरतं न पाहता गावासाठी काही करावं, ही ओढ त्यांनी या मुलाला लावली. गुरुजींच्या सांगण्यावरून हा लाजाळू मुलगा गावातल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. पुढे ज्या माणसांनी त्याच्याविरुद्ध ठराव केला, त्यांतल्या काहींनी त्याच्याच तोंडून मुंबई-पुण्याच्या बातम्या ऐकल्या असतील.

सतराव्या वर्षी तो सहावीच्या सरकारी परीक्षेला निघाला. पावसामुळे मुंबईचा समुद्रमार्ग बंद होता, म्हणून सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्याला गेला. शंभर मैलांहून जास्त वाट, वरून पाऊस, डोंगरातले ओढे. तिथे पोचल्यावर परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. वयाचा दाखला होता, तो खोटा नव्हता. पण दिसायला मुलगा लहान होता, आणि खुर्चीवरच्या माणसाला कागदापेक्षा स्वतःच्या नजरेवर विश्वास जास्त होता. मुलगा परत फिरला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि पास झाला. अधिकाराचा माणूस चुकू शकतो, आणि तो चुकला तरी आपण आपलं काम सोडायचं नसतं, हे त्याला फार लवकर कळलं.

मुंबईला जाऊन तो शिकला. 1884 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला. लग्न आधीच झालं होतं, त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच, राधाबाईंशी. 14 जानेवारी 1882 ला मुरुडला मुलगा झाला, त्याचं नाव रघुनाथ. मुंबईत शिकवण्या करून धोंडोपंत संसार चालवत होते, आणि त्या तुटपुंज्या मिळकतीतही गाव विसरले नव्हते. मूळच्या मुरुडकरांनी आपल्या कमाईतला थोडा वाटा गावाच्या भल्यासाठी द्यावा म्हणून त्यांनी ‘मुरुड फंड’ उभा केला. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे गावाने ज्याला बाहेर काढलं, तो गावासाठी पैसे गोळा करणारा माणूस होता.

1891 साली राधाबाई गेल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कर्व्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावलं. बत्तीस-तेहतीस वर्षांचा प्राध्यापक, बायको वारलेली. अशा बिजवराला बारा-तेरा वर्षांची मुलगी सहज मिळे, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. पण आठव्या वर्षी नवरा मेलेल्या मुलीने मात्र केस उतरवून, लाल लुगडं नेसून, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जन्म काढायचा. कर्व्यांनी विचारलेला प्रश्न एवढाच होता, की हा नियम त्याला एक आणि तिला दुसरा का? त्यांनी त्यावर लेख लिहिला नाही, व्याख्यान दिलं नाही. लग्न केलं तर विधवेशीच करीन, असं म्हणाले आणि तसं केलं.

गोदूबाई जोशी या देवरुखच्या, म्हणजे त्याही रत्नागिरी जिल्ह्यातल्याच. आठ वर्षांच्या असताना, लग्नानंतर काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे भाऊ त्यांना मुंबईला घेऊन आला आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकू लागल्या. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हे लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती ती 1856 साली. म्हणजे सदतीस वर्षं कायदा होता आणि तरीही असं लग्न करणारा माणूस वर्तमानपत्रात छापून येण्याजोगा दुर्मिळ होता.

त्या वर्षांतलं पुणं डोळ्यांपुढे आणा. तीनच वर्षांपूर्वी, 1890 साली, पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला म्हणून केवढा गदारोळ झाला होता. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायाधीश असलेले रानडे आणि लोकमान्य टिळक, दोघांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहाच्या एका पेल्यासाठी रानड्यांसारखा माणूस वाकतो, तिथे विधवेशी लग्न करणाऱ्या साध्या प्राध्यापकाचं काय होणार हे सांगायला नको. रानड्यांना मी दोष देत नाही. घरच्या माणसांची कोंडी पाहवत नाही तेव्हा भलेभले वाकतात. पण म्हणूनच जो वाकला नाही त्याचं मोल कळतं. कर्व्यांनी प्रायश्चित्त घेतलं नाही.

लग्नानंतर ते आनंदीबाईंना घेऊन मुरुडला गेले. तिथे आई होती, थोरले भाऊ भिकाजीपंत होते, बहीण होती. गावची सभा भरली. ठराव झाला, की धोंडोपंतांशी कुणी संबंध ठेवायचा नाही, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर त्या घरालाही तीच शिक्षा.

ठरावाचा दुसरा भाग पुन्हा वाचा. खरी शिक्षा त्यात आहे. धोंडोपंतांना गावाने काय करायचं होतं? त्यांची नोकरी पुण्यात, बिऱ्हाड पुण्यात. गावाचा हात तिथवर पोचत नव्हता. म्हणून गावाने त्यांच्या आईला ओलीस धरलं. कोकणातल्या गावात वाळीत पडणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. न्हावी दारात येत नाही, परीट कपडे नेत नाही. सत्यनारायणाला बोलावणं नाही, पंगतीत पान नाही. बागेला पाणी देण्याची पाळी चुकते आणि दाद मागायची कुणाकडे हे कळत नाही. घरात मूल जन्मलं तर बारशाला कुणी येत नाही. कुणी मेलं तर खांद्याला चौथा माणूस मिळत नाही. शेजारीण विहिरीवर भेटते, पण नजर वर उचलत नाही. तिच्या मनात राग नसतोच, उलट कदाचित माया असते. पण बोलली तर तिच्या लेकीचं लग्न अडेल.

त्या सभेत बसलेले लोक दुष्ट होते असं मला वाटत नाही. दुष्ट लोक कुठल्याही गावात दोन-चारच असतात, आणि दोन-चार माणसांच्या बळावर वाळीत टाकता येत नाही. त्यासाठी सगळं गाव लागतं. आदल्या दिवसापर्यंत ज्यांनी एकमेकांना ताकाची कासंडी दिली, आजारपणात रात्री जागवल्या, तीच माणसं लागतात. प्रत्येकाला शेजाऱ्याची भीती असते आणि शेजाऱ्याला त्याची. सगळ्यांनी एकदम नाही म्हटलं असतं तर तो ठराव सभेच्या ओटीवरच मेला असता. पण पहिल्याने नाही म्हणायचं कुणी? जो म्हणेल, त्याच्यावरच पुढचा ठराव होणार. प्रश्न विचारणाऱ्याला समाज शिक्षा करतो असं आपण सहज म्हणतो, पण शिक्षा करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक स्वतःच घाबरलेले असतात. घाबरलेल्या माणसांच्या हातून झालेला अन्यायही अन्यायच असतो, आणि तो भोगणाऱ्या आईला त्यांच्या भीतीचा काही उपयोग नसतो.

रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता.

पुढचं झपाट्याने सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. 1896 साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचं, मग पायी हिंगण्याला जायचं, असा क्रम. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, आश्रमासाठी वर्गणी मागत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. 1916 साली महिला विद्यापीठ उभं राहिलं. कर्व्यांची रीत अशी होती, की समाज जेवढं सोसेल त्याच्या एकच पाऊल पुढे राहायचं. पुनर्विवाहाचा प्रचार आणि विधवांचं शिक्षण एकत्र चालवलं तर लोक मुलींना आश्रमात पाठवणार नाहीत हे दिसलं, तेव्हा त्यांनी शिक्षण हाती ठेवलं आणि पुनर्विवाहाची चळवळ बाजूला ठेवली. काहींना ती तडजोड वाटली. मला तो हिशेब वाटतो, आणि त्यातून हजारो बायका शिकल्या. शिवाय एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. गावाने वाळीत टाकलं तरी फर्ग्युसनने त्यांना काढलं नाही. 1914 पर्यंत ते तिथे शिकवत होते. पोटाची काळजी नव्हती, म्हणून ते पाय रोवून उभे राहू शकले.

मुलाच्या बाबतीत नेमकं हेच घडलं नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे. 1899 च्या मॅट्रिकला पहिला आलेला मुलगा. तोही गणितात रमला, फ्रान्सला जाऊन शिकून आला, मुंबईला विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाला. वडिलांनी विचारलं होतं, की विधवेला पुन्हा लग्न का करता येऊ नये. मुलाने त्यापुढे जाऊन विचारलं, की लग्न झालेल्या बाईला दर दीड-दोन वर्षांनी बाळंत व्हावंच का लागतं? तिचं शरीर तिचं आहे, तर मूल कधी हवं, किती हवीत, हवं की नको, हे तिने का ठरवू नये? आणि ज्या गोष्टीतून सगळे जन्मले, तिच्याविषयी बोलायला एवढी लाज का?

या प्रश्नाआड किती घरांतलं दुःख होतं ते आठवा. पाच-सहा बाळंतपणांनी झिजून तिशीच्या आत गेलेली बाई, तिच्या मागे तिच्याच धाकट्या बहिणीशी लावलेलं नवऱ्याचं दुसरं लग्न, आणि त्या बहिणीचंही पुन्हा तेच. मराठी घरांतल्या जुन्या वंशावळी उघडा. ‘प्रथम पत्नी’, ‘द्वितीय पत्नी’ अशा नोंदी पानोपानी सापडतील. एवढ्या बायका कशाने मेल्या, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

1921 साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं. त्याच साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला. तिकडेही हे काम सुखासुखी झालेलं नव्हतं. 1877 साली ॲनी बेझंट आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर अशाच विषयाची पुस्तिका छापली म्हणून लंडनमध्ये खटला चालला होता, आणि त्यानंतर बेझंटबाईंची लेक कोर्टाने त्यांच्याकडून काढून घेतली होती. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांना दवाखाना उघडल्याबद्दल 1916 साली अटक झाली. म्हणजे हा काही केवळ आपल्याकडचा दोष नाही. जिथे जिथे बाईच्या शरीरावर तिचा हक्क सांगितला गेला, तिथे तिथे पोलीस आले.

1923 मध्ये कर्व्यांचं संततिनियमनावरचं पुस्तक आलं. 1925 साली कॉलेजने त्यांना सांगितलं, हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा. त्यांनी नोकरी सोडली. चाळिशी ओलांडलेला माणूस, गणिताखेरीज पोटाचा दुसरा धंदा नाही, आणि त्याने ठरलेला पगार सोडला. मुरुडची सभा आणि मुंबईतल्या कॉलेजची खोली यांत तीस वर्षांचं आणि पुष्कळ शिक्षणाचं अंतर होतं. मुरुडला उघड ठराव झाला, मुंबईला सभ्य भाषेत राजीनामा मागितला गेला. शिक्षा तीच होती.

मग जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढलं. ते जवळजवळ एकहाती चालवलं, सत्तावीस वर्षं. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन, स्त्री-पुरुषांची समता, बुवाबाजीचा समाचार, सगळं त्यात असे. वाचक पत्रं पाठवत. ज्या शंका माणूस सख्ख्या भावाला, वैद्याला, बायकोलाही विचारू शकत नसे, त्या या संपादकाला विचारल्या जात. कर्वे गणित सोडवावं तशी उत्तरं देत: आडपडदा नाही, उपदेश नाही, धाकदपटशा नाही. आज ती प्रश्नोत्तरं वाचताना मला त्या अनाम माणसांचं वाईट वाटतं. केवढी भीती घेऊन ती जगत होती, आणि ती घालवायला अख्ख्या महाराष्ट्रात एकच पत्ता होता!

मासिकाचा खर्च निघत नसे. घरात मालतीबाई, त्यांच्या पत्नी, पाठीशी उभ्या होत्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. लोकांना सांगायचं ते आधी आपल्या घरात, ही बापाची सवय मुलात उतरली होती.

1931 साली पुण्यातल्या सनातनी मंडळींनी त्यांच्यावर पहिला खटला आणला. निमित्त होतं व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या एका लेखाचं, आरोप अश्लीलतेचा. शंभर रुपये दंड झाला. हायकोर्टात दाद मिळाली नाही. हेच ते पुणं, जिथे तोवर थोरल्या कर्व्यांचे सत्कार होऊ लागले होते. अण्णासाहेब कर्वे म्हटलं की लोक हात जोडत. त्यांच्या मुलाचं नाव निघालं की विषय बदलत. विधवाविवाह मान्य करायला त्या शहराला तीस-चाळीस वर्षं लागली होती. आता तो मान्य झाला होता, म्हणून आपण सुधारलो असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच मनाने ते दुसऱ्या कर्व्यांना कोर्टात खेचत होतं. गांधीजींनाही कृत्रिम साधनं मान्य नव्हती, त्यांचा भर संयमावर होता. त्यामुळे देशभक्त मंडळींतही कर्व्यांना फारसा आधार उरला नाही.

दुसरा खटला 1934 सालचा. या वेळी कारण होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

इथे थांबावंसं वाटतं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. रत्नागिरी जिल्ह्याचा तोच उत्तरेकडचा भाग. त्यांचं लहानपणही काही काळ दापोलीच्या कॅम्पात गेलं. ज्या मुलखात धोंडोपंतांना गावाने लग्नासाठी बाहेर काढलं, त्याच मुलखात बाबासाहेबांच्या सगळ्या समाजाला जन्मामुळेच गावाबाहेर ठेवलं होतं. एकाला बहिष्कार म्हणजे आयुष्यातला एक प्रसंग, दुसऱ्याला तो आईच्या पोटातून मिळालेला. मुरुडच्या ओटीवर ठराव करणाऱ्यांनी अस्पृश्यांना कधी मोजलंच नव्हतं. आणि त्या ओटीवरून निघालेल्या माणसाच्या मुलासाठी, बाकी मोठी नावं दूर उभी असताना, कोर्टात उभा राहिला तो आंबडव्याच्या सुभेदाराचा मुलगा. बाबासाहेब तोवर गोलमेज परिषदांना जाऊन आले होते. अशा बदनाम खटल्यात पडून त्यांच्या राजकारणाला फायदा काहीच नव्हता.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच लिखाण अश्लील ठरत नाही. वाचकांना शंका असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर द्यायला हवं. प्रश्न विकृत वाटला म्हणून उत्तर नाकारलं तर विकृती जात नाही, अज्ञान तेवढं टिकतं. कोर्टाला ते पटलं नाही. दोनशे रुपये दंड झाला. त्या काळात, पगार नसलेल्या आणि तोट्यात मासिक चालवणाऱ्या माणसाला ही रक्कम जड होती. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला. बाबासाहेबांनीही विषय सोडला नाही. 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला.

14 ऑक्टोबर 1953 रोजी र. धों. कर्वे गेले. नोव्हेंबरचा अंक हा ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा. त्याच्या आदल्याच वर्षी, 1952 साली, भारत सरकारने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारला होता. ज्या उत्तरासाठी मुंबईत दंड होत होता, ते उत्तर आता सरकारचं झालं. पुढे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला. दंडाचे तीनशे रुपये कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

मुलगा गेला तेव्हा बाप पंचाण्णव वर्षांचा होता. त्यानंतर बापाकडे सन्मान रांगेने आले. 1955 मध्ये पद्मविभूषण, 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. त्याच वर्षी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं; हयात असताना स्वतंत्र भारताच्या तिकिटावर आलेला पहिला माणूस मुरुडचा हा मुलगा होता. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, एकशे चार वर्षांचे होऊन, अण्णासाहेब गेले. ज्या गावाने त्यांना घरात घ्यायचं नाही असं ठरवलं, त्या गावात आज त्यांचं स्मारक आहे आणि पर्यटकांना ते अभिमानाने दाखवलं जातं.

मुरुडकरांनी अभिमान बाळगावा, त्यात काही चूक नाही. लोक बदलतात, आणि ते बदलावेत म्हणूनच तर कर्व्यांनी सोसलं. माझी तक्रार वेगळी आहे. आपण स्मारकं उभारतो ती नेहमी मागच्या प्रश्नाची. ज्या प्रश्नाचं उत्तर आता सगळ्यांना मान्य आहे, तो प्रश्न विचारणारा आपल्याला थोर वाटतो. मग आपण समजतो, की आपण त्या सभेत असतो तर धोंडोपंतांच्या बाजूने उभे राहिलो असतो. 1931 चे फिर्यादीसुद्धा बहुधा असंच समजत होते. 2001 साली अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ आला, पुढे अतुल पेठ्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक रंगभूमीवर आणलं. प्रेक्षक भारावून बाहेर पडतात. पण त्याच प्रेक्षकांपैकी कितीजण आपल्या मुलांच्या शाळेत लैंगिक शिक्षणाचा तास ठेवला तर मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जात नाहीत, हे ज्याने त्याने आपल्याशी पाहावं.

आणि शिक्षा सौम्य झाली आहे, असंही नाही. 1893 साली मुरुडने कर्व्यांना वाळीत टाकलं, जिवंत सोडलं. 1934 साली मुंबईने दंड केला, जिवंत सोडलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. ते देव मानणाऱ्याला अडवत नव्हते. देवाच्या नावाने लुबाडणाऱ्याला पुरावा मागत होते. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच वटहुकमाने आला.

वाळीत टाकणंही संपलेलं नाही. रायगड-रत्नागिरीच्या गावांतून गेल्या काही वर्षांपर्यंत अशा बातम्या येत राहिल्या: कुणी निवडणुकीला उभा राहिला म्हणून, कुणी गावकीच्या पैशांचा हिशेब मागितला म्हणून, कुणी दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून. म्हणून महाराष्ट्र विधिमंडळाने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, आणि 2017 मध्ये तो लागू झाला. या कायद्याने बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात. कायदा झाला तेव्हा मुरुडच्या त्या ठरावाला 123 वर्षं झाली होती.

पण विधवाविवाहाचा कायदाही सदतीस वर्षं जवळजवळ कागदावरच पडून होता, हे विसरू नका. कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि ठराव ओटीवर होतो. तुमच्या वाडीत, तुमच्या सोसायटीत, तुमच्या जातीच्या मंडळात, तुमच्या ऑफिसात कधी असा ठराव आला, की अमक्याशी बोलायचं नाही, कारण तो नको ते विचारतो, तर त्याच्या खाली सही करू नका. तुमचं त्याच्याशी पटत नसलं तरी करू नका. आणि सभा उठल्यावर सगळ्यांच्या देखत त्याच्या घरी जा, त्याच्या आईच्या हातचा चहा घ्या.